दोन यंत्रांची सोंगे: बीबीसी मायक्रो आणि रास्पबेरी पाय

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ क्रेडिट कार्डाएवढा एक हिरवा सर्किट बोर्ड. त्याला पडदा आणि कळफलक जोडून एक प्रोग्राम सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटतात: ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’. १९८१ सालचा संगणक २०१२ सालच्या बोर्डावर जागा झालेला असतो. या सोंगामागे एक विलक्षण उलटापालट दडलेली आहे.

२/ ब्रिटिश जनतेला संगणकसाक्षर करण्यासाठी बीबीसीने हाती घेतलेल्या मोहिमेला एक संगणक हवा होता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला नमुना आठवडाभरात उभा केला. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो बाजारात आला. ६५०२ हा प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ वेग, आणि ‘मॉडेल बी’मध्ये अवघी ३२ किलोबाइट स्मृती! १९८४ पासून ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पाद्वारे हाच संगणक भारतातील निवडक शाळांतही पोहोचला.

३/ एम्युलेटर त्याचे सोंग वठवतो म्हणजे नेमके काय करतो? ६५०२ मधील ए, एक्स, वाय हे कप्पे प्रोग्राममधील साधी चलपदे होतात. जुन्या रॉममधील मजकूर फाइलमधून वाचला जातो. मग एकेक आकडा उचलायचा आणि त्याचा अर्थ लावायचा. १६९ आला, तर पुढचा आकडा ‘ए’ कप्प्यात ठेवायचा आणि घड्याळाचे दोन ठोके मोजायचे. असे सेकंदाला लक्षावधी वेळा.

४/ ठोके मोजणे हा निव्वळ काटेकोरपणा नव्हे. १९८४ चा ‘एलिट’ हा खेळ पाहावा. इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन यांनी त्यात पडद्याचा वरचा भाग रेखीव दोन रंगांत आणि खालचा भाग चार रंगांत दाखवला. त्यासाठी प्रत्येक चित्र रंगवले जात असताना मध्येच पडद्याची पद्धत बदलावी लागे. सोंगाची वेळ चुकली की चित्र विस्कटलेच.

५/ इतिहासाच्या अभ्यासकाने यात का लक्ष घालावे? १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ला ९०० वर्षे झाली तेव्हा बीबीसीने ब्रिटनचे नवे लोकजीवन-दप्तर सिद्ध केले. लक्षावधी लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, त्यासाठी मजकूर आणि छायाचित्रे दिली. हे सारे १९८६ मध्ये लेझरडिस्कवर साठवले गेले. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. मूळ चर्मपत्रे मात्र आजही वाचता येतात. मोडी वाचणारा नसेल, तर रुमालातील कागद शाबूत असूनही मुका राहतो, तशीच ही गत. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या यंत्रणेचा एम्युलेटर चालवून दाखवला आणि तो ऐवज पुन्हा बोलता झाला.

६/ आता ती उलटापालट. १९८३ मध्ये एकॉर्नने स्वतःचा प्रोसेसर घडवायला घेतला. तो अस्तित्वात येण्याआधी त्याच्या आज्ञा तपासायच्या कशा? विल्सन यांनी बीबीसी बेसिकमध्ये त्याची नक्कल लिहिली आणि ती बीबीसी मायक्रोवरच चालवली. २६ एप्रिल १९८५ रोजी प्रत्यक्ष चिप हाती आली आणि चालली. तिचे नाव ‘आर्म’. पहिल्या आर्म चिपा विकासकांपर्यंत पोहोचल्या त्याही बीबीसी मायक्रोला जोडायचा दुय्यम प्रोसेसर म्हणूनच.

७/ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधूनच रास्पबेरी पाय बाहेर पडला. त्याचा प्रोसेसर आर्म घराण्यातला, वेग ७०० मेगाहर्ट्झ. ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे बीबीसी मायक्रोच्या आदरापोटी ठेवलेली. संस्थापक विश्वस्तांत एबेन अप्टन यांच्यासोबत ‘एलिट’कर्ते ब्रेबनही होते. म्हणजे ज्या यंत्राने जन्माआधी आर्मचे सोंग घेतले, त्याच यंत्राचे सोंग आता आर्म घेतो आहे.

८/ ‘पायट्यूबडायरेक्ट’ हा हौशी तंत्रज्ञांचा प्रकल्प आणखी पुढे जातो. त्यात रास्पबेरी पाय खऱ्या बीबीसी मायक्रोच्या ‘ट्यूब’ या जोडणीला लावतात आणि तो दुय्यम प्रोसेसर होऊन राबतो. १९८६ मध्ये आर्म जिथे बसला होता, तिथेच त्याचा वंशज पुन्हा येऊन बसतो.

९/ सोंगालाही मर्यादा आहेत. कॅसेटवरून प्रोग्राम चढेपर्यंतची ताटकळ, जड कळांचा आवाज, एका संगणकाभोवती जमलेला अख्खा वर्ग: हे रॉममध्ये नसते. ते आठवणींतून आणि कागदपत्रांतूनच शोधावे लागते. शिवाय एम्युलेटरला वाचण्याजोगे काही उरलेले असावे लागते. चुंबकीय तबकडीवरील मजकूर हळूहळू विरत जातो. एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत त्या काळातील फ्लॉपी सापडल्या, तर भंगारात देण्यापूर्वी त्यांची प्रत करून घ्यावी. यंत्राचे सोंग उद्याही घेता येईल. विरलेला मजकूर परत आणता येणार नाही.