कोयनेच्या पाण्यासोबत दाभोळपर्यंत

वाघ्या घेवड्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या कोरेगाव तालुक्यापासून समुद्र एका दिवसाच्या वाटेवर आहे. तरीही घरातल्या किती बायकांनी तो पाहिला आहे असे विचारले, तर बोटांवर मोजता येतील. पुरुष कामानिमित्त मुंबईला जाऊन येतात. बायकांचा प्रवास मात्र माहेर, सासर आणि दवाखाना एवढाच. म्हणून या हिवाळ्यात आम्ही तीन घरांनी मिळून 17 आसनांची गाडी ठरवली, खर्च माणशी वाटून घेतला आणि खिडक्यांच्या जागा बायका-मुलांसाठी ठेवल्या. सर्वांत पुढची जागा सत्तरी ओलांडलेल्या खालाजानची.

फज्रची नमाज पढून निघालो. वाटेत रहिमतपूर. तिथल्या जुन्या मकबऱ्याशी आदिलशाही सरदार रणदुल्लाखान यांचे नाव जोडले जाते. पुढे उंब्रजला महामार्ग सोडला आणि पाटणच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला कोयना, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे उसाचे फड.

कोयनानगरला नाश्ता केला. येथील धरण 103 मीटर उंच, साठवणक्षमता सुमारे 105 टीएमसी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. मुलांना मात्र वेगळीच गोष्ट आवडली. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जाते. पण धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातल्या वीजगृहांकडे नेतात. वीज तयार झाली की ते पाणी कोकणात वाशिष्ठी नदीत उतरते. म्हणजे आमची गाडी आणि हे पाणी, दोघांची वाट एकच!

कुंभार्ली घाटात वळणे लागली तशी भाभींनी लिंबे वाटली. चिपळूणला जोहरची नमाज. सफरीत असल्याने चारऐवजी दोन रकात फर्ज अदा केली. बायकांसाठी वुजू आणि नमाजची सोय कुठे होईल याची चौकशी आम्ही निघण्याआधीच करून ठेवली होती. एवढी एक गोष्ट केली तर अर्धी सफर सोपी होते.

मुक्काम गुहागरला. सुरूच्या झाडांपलीकडे लांबच लांब किनारा. खालाजान बराच वेळ नुसत्या उभ्या होत्या, मग हळूच पाण्यात पाय ठेवला.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि खाडीपलीकडे दाभोळला उतरलो. वाशिष्ठी इथेच समुद्राला मिळते. एके काळी या बंदरातून अरबस्तानाशी व्यापार चाले. किनाऱ्याजवळच 1659 च्या सुमाराची शाही मशीद आहे. मधे मोठा घुमट, कोपऱ्यांवर मीनार. असे सांगतात की, विजापूरची एक शहजादी हजसाठी इथवर आली, समुद्रमार्ग सुरक्षित नसल्याने तिला जाता आले नाही आणि सोबत आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली.

हे ऐकून खालाजान पायऱ्यांवर बसल्या. हजसाठी त्यांनी साठवलेली रक्कम खालूंच्या आजारपणात गेली होती, हे आम्हा सर्वांना माहीत होते. पण त्या कधी त्याविषयी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "तिची नियत तर पोहोचलीच असेल ना?" आमच्यातल्या कुणीच उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्यांच्या नातीने त्यांचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.

परतताना गाडीत खर्चाचा हिशेब झाला. काही रक्कम उरली होती. ती वाटून न घेता खालाजानच्या उमऱ्यासाठी बाजूला ठेवावी आणि दर महिन्याला तिन्ही घरांनी तीत थोडी भर घालावी, असे ठरले. ही सूचना बायकांकडूनच आली. इन्शाअल्लाह, पुढची सफर त्यांची.