माप आणि माया

माप हा शब्द आपल्या भाषेत अनेक रूपांनी वावरतो. नवी सून उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात येते, ते धान्याचे माप. मापात पाप करू नये असे आपण दुकानदाराला बजावतो, ते शेराचे आणि तराजूचे माप. शिंप्याकडे जाऊन देतो ते अंगाचे माप. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माप ठरलेले असते आणि वस्तू त्याच्याशी ताडून पाहिली जाते. शिंप्याच्या दुकानात ताडून पाहायची वस्तू म्हणजे कपडा. तो चुकला तर दोष कपड्याचा आणि तो शिवणाऱ्याचा. बाजारातल्या तयार कपड्यांनी मात्र हे नाते उलटे करून टाकले. तेथे माप चिठ्ठी होऊन कपड्याच्या गळ्यात बसते आणि ताडून पाहिली जाते ती बाई.

एकदा दिवाळीच्या आवराआवरीत मी माझे चार कुर्ते पलंगावर पसरले. चारही मला नीट बसणारे. एकाच्या चिठ्ठीवर ‘एम’ होते, दुसऱ्याच्या ‘एल’, तिसऱ्याच्या ‘एक्सएल’, आणि चौथ्यावर नुसता ३८ हा आकडा. टेप लावून पाहिली तर छातीच्या मापात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान कुर्त्यात जेमतेम एक इंचाचे अंतर निघाले. म्हणजे चार दुकानांत मी मध्यम, मोठी, अधिक मोठी आणि अडतीस अशी चार निरनिराळी माणसे होते. त्या अडतीसचा अर्थही सरळ नाही. काही ठिकाणी तो अंगाच्या छातीचा आकडा असतो, काही ठिकाणी कपड्याच्या. अंगाची छाती चौतीस असेल तर श्वास घेता यावा, हात उचलता यावा म्हणून कुर्ता सदतीस-अडतीसचा बेतावा लागतो. मधले हे तीन-चार इंच कोणी धरले आणि कोणी सोडले, हे चिठ्ठी सांगत नाही.

माझे लहानपण इंदूरला गेले. आई घरीच शिवणकाम करी. खिडकीशी मशीन, शेजारी खडूचे तुकडे, कात्री आणि लाल कापडी बांधणीची एक जाड वही. त्या वहीत गल्लीतल्या सगळ्या बायका नोंदलेल्या होत्या. उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा असे प्रत्येकीचे आठ-दहा आकडे. कोणाचा एक खांदा किंचित उतरता, कोणाचा दंड भरलेला, तेही बारीक अक्षरात लिहिलेले असे. ‘मोठी’ किंवा ‘लहान’ हा शब्द त्या वहीत कोठेच नव्हता. आकड्याला आकडा म्हणूनच जागा होती.

आणि प्रत्येक कपड्यात ती माया ठेवी. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. हा शब्द प्रथम कोणी या अर्थाने वापरला असेल कोण जाणे, पण त्याला माणसांची चांगली पारख असली पाहिजे. बाळंतपणानंतर एखादी बाई ब्लाउज घेऊन येई. आई बगलेतली एक टीप उसवी, अर्ध्या इंचावर दुसरी मारी, आणि पाच मिनिटांत तोच ब्लाउज पुन्हा अंगाचा होई. मुलींचे फ्रॉक तर वाढत्या अंगाचेच शिवले जात. खालची दुमड दरवर्षी थोडी सोडायची. सोडलेल्या दुमडीची फिकट रेघ पाहून मुलगी किती वाढली ते कळे. अंग बदलणारच, हे त्या शिवणीने गृहीत धरलेले असे. साडीला तर तेही करावे लागत नाही. सहावारी असो की नऊवारी, सोळा वर्षांच्या मुलीला आणि साठ वर्षांच्या आजीला तीच नेसता येते. परकराला नाडी असते, आणि नाडीने आजवर कोणाला तिची कंबर विचारलेली नाही.

मग ही ‘एम’, ‘एल’ची भानगड आली कोठून? तयार कपड्यांची मापे प्रथम पुरुषांसाठी पद्धतशीरपणे बसवली गेली, आणि त्यामागे मोठे कारण युद्ध होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तेव्हा लाखो सैनिकांना गणवेश पुरवायचे होते. एकेकाला शिंप्यापुढे उभे करणे शक्य नव्हते. सैनिकांची मापे गोळा झाली आणि त्यांचे ठरावीक गट पाडण्यात आले. स्त्रियांची पाळी बऱ्याच उशिरा आली. १९३९ आणि १९४० या दोन वर्षांत अमेरिकेच्या कृषी खात्यातील गृहअर्थशास्त्र विभागाने सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. प्रत्येकीची एकोणसाठ! रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी हे काम पाहिले आणि १९४१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. कष्ट प्रामाणिक होते, पण हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या गेल्या. इतर वर्णाच्या स्त्रियांची मापे बाजूला ठेवण्यात आली. पुढे कित्येक वर्षे ‘स्त्रीचे माप’ म्हणून जे वावरले, त्याचा पाया हा होता.

त्याच सुमाराची आणखी एक हकिगत मला फार बोलकी वाटते. हजारो तरुण अमेरिकन स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून एक पुतळा घडवण्यात आला होता. त्याला ‘नॉर्मा’ असे नाव दिले होते. १९४५ मध्ये क्लीव्हलँड शहरातील एका वृत्तपत्राने स्पर्धा जाहीर केली : जिचे अंग नॉर्माशी सर्वांत जास्त जुळेल तिला बक्षीस. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठवली. तुलना नऊ मापांची होती. त्यातली पाच मापे जुळणाऱ्या स्त्रिया चाळीसही निघाल्या नाहीत, आणि नऊच्या नऊ जुळणारी एकही नाही. विजेतीसुद्धा नाही. सर्वसाधारण म्हणून जी घडवली, ती त्या गावात कोठेच राहत नव्हती.

तयार कपड्याची गोची येथेच आहे. कारखाना एका नमुन्याच्या बाईच्या अंगावर एक कपडा बसवतो. पुढचे माप करताना ठरावीक इंच सगळीकडे वाढवतो, मागचे करताना कमी करतो. अंग असे वाढत नाही. कंबर सुटली म्हणून हाताचे हाड लांबत नाही, की खांदा रुंद होत नाही. म्हणून मोठ्या मापाच्या कुर्त्याची बाही बोटांवर येते आणि खांदा दंडावर उतरतो. त्यातून प्रत्येक कंपनीची नमुन्याची बाई वेगळी. एकीचे गिऱ्हाईक कॉलेजातल्या मुली, दुसरीचे चाळिशीच्या बायका. दोघींचा ‘एम’ एक कसा होईल? शिवाय कापडाचे अनेक थर एकावर एक रचून यंत्राने एकदम कापतात, त्यात वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडतो. शिवताना थोडा पडतो. उरलेले काम पहिल्या धुण्यात सुती कापड आटून पुरे करते.

हे सगळे समजण्यासारखे आहे. पुढचा प्रकार मात्र मला मापात पापच वाटतो. अमेरिकेत १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांसाठी एक प्रमाण ठरवण्यात आले. त्यात आठ क्रमांक म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच. ते बंधनकारक नव्हते, आणि १९८३ मध्ये सरकारने ते काढूनच घेतले. मधल्या काळात विक्रेत्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. लहान आकडा बसला की बाई खूश होते आणि कपडा घेते. मग आकडा तोच ठेवून कपडा हळूहळू मोठा करण्यात आला. त्या काळच्या आठ क्रमांकाच्या कपड्यात आजची आठ क्रमांकाची बाई शिरूच शकणार नाही. स्तुतीला पैसे पडत नाहीत म्हणतात. येथे ती इंचाच्या हिशेबाने विकली गेली.

आपल्याकडे बहुतेक कंपन्यांनी परदेशी कोष्टके घेतली आणि आपापल्या अंदाजाने त्यांत फेरफार केले. भारतीय अंगाचे स्वतःचे कोष्टक असावे म्हणून २०१८ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा एक प्रकल्प जाहीर झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतील सहा शहरांत, पंधरा ते पासष्ट वयाच्या सुमारे २५,००० स्त्रीपुरुषांची मापे अंगाला स्पर्श न करता यंत्राने टिपायची, अशी ती योजना. दिल्लीची बाई आणि शिलाँगची बाई एका कोष्टकात कशी मावायची, याचे मला कुतूहल आहे.

माझी भाची बावीस वर्षांची. नोकरीच्या मुलाखतीसाठी तिने एक कुर्ता घरपोच मागवला. एरवी ती ‘एम’ घालते. जरा मोकळा असावा म्हणून तिने ‘एल’ सांगितला. आला तो कोपराच्या वर चढेना. ती काही बोलली नाही. आठवडाभराने आमच्या लक्षात आले, की पोरगी रात्री जेवतच नाही. भूक नाही म्हणते, अभ्यास आहे म्हणते. शेवटी मी तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तिने तो कुर्ता दाखवला आणि म्हणाली, “मावशी, मी एवढी जाड झाले, आणि तुम्ही कुणी मला सांगितलंही नाहीत.”

आईची नजर आता अधू झाली आहे, पण बोटे शाबूत आहेत. तिने कुर्ता उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. “माया नाही गं यात,” ती म्हणाली. पाव इंचावर मशीनने कडा बंद केलेली होती. सोडायला काहीच नव्हते. मुंढा उथळ कापलेला होता आणि बाही नळीसारखी अरुंद होती. मग आईने मला जुनी वही काढायला लावली. दोन वर्षांपूर्वी घरातल्या लग्नासाठी भाचीला ब्लाउज शिवला होता, त्याची मापे तीत होती. टेप पुन्हा लावली. छाती तीच, दंड तोच, कंबर पाव इंचाने कमी.

भाची बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसली. त्या रात्री ती जेवली, पण पोळी अर्धीच घेतली. आकडे समोर दिसले तरी मनातली चिठ्ठी एका रात्रीत निघत नाही. कुर्ता परत गेला. मुलाखतीला ती माझा एक कुर्ता घालून गेली. तो ‘एक्सएल’चा होता आणि तिला थोडासाच सैल झाला.

प्रश्न केवळ दिसण्याचा असता तर एवढे लिहिलेही नसते. मार्च २०१९ मध्ये दोन स्त्री-अंतराळवीर प्रथमच बरोबरीने अंतराळयानाबाहेर पडून काम करणार होत्या. ॲन मॅक्लेन यांना मध्यम मापाचा पोशाख नीट बसतो असे आयत्या वेळी ध्यानात आले, आणि त्या मापाचा एकच पोशाख तयार होता. त्यांच्या जागी पुरुष सहकारी गेले. केवळ स्त्रियांनी केलेला पहिला अंतराळ-संचार त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला झाला. एवढी साधनसामग्री हाताशी असलेल्यांची ही कथा, मग आपल्याकडे पुरुषी मापाचे बूट आणि हातमोजे घालून कामावर उभ्या राहणाऱ्या बायकांची काय असेल!

युरोपात यावर एक साधा तोडगा काढण्यात आला. तेथील प्रमाणानुसार कपड्यावर अंगाचेच माप सेंटिमीटरमध्ये सांगायचे : एवढ्या छातीच्या, एवढ्या उंचीच्या बाईसाठी हा कपडा. जोडीला माणसाची एक छोटी आकृती, माप कोठले ते दाखवणारी. तेही सक्तीचे नाही आणि सगळे पाळत नाहीत. मी स्वतः हल्ली पिशवीत टेप ठेवते. दुकानदार आधी चमकतो, मग स्वतःच दुसरे टोक धरतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंनी दुकान थाटले आहे. पाटीवर एवढेच लिहिले आहे : ‘येथे तयार कपडे अंगाबरोबर करून मिळतील.’ त्या नवे काही शिवत नाहीत. बाह्या आखूड करणे, खांदे वर घेणे, बगलेत कळी घालणे, कंबरेला चिमटे घेणे हेच त्यांचे दिवसभराचे काम, आणि सणाच्या आधी तर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. शिवणीत माया मिळाली तर पैसे कमी, नाही मिळाली तर कळीचे कापड गिऱ्हाइकाने आणायचे. काही बायका कपडा ताब्यात घेताना हळूच म्हणतात, “ताई, गळ्यातली ती चिठ्ठी तेवढी काढून द्या, टोचते.” त्या छोट्या कात्रीने दोन टाके उसवतात आणि चिठ्ठी चिंध्यांच्या डब्यात टाकतात. त्याचे त्या पैसे घेत नाहीत.