भिंतीकडेचा दांडा

कोलकात्यातल्या बॅलेच्या वर्गात नव्या मुलीला सगळ्यात आधी उभं करतात ते याच्यापाशी. भिंतीच्या कडेनं, साधारण कमरेच्या उंचीवर बसवलेला गोल लाकडी दांडा. सगळे त्याला बार म्हणतात. दिसायला साधा, पण त्याच्याइतका सच्चा शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

त्याची अट एकच: हात माझ्यावर ठेव, मला धरू नकोस. भर पावसाळ्यात पंखा नुसती दमट हवा ढवळत असतो, तळवा घामानं निसटतो आणि मूठ आपसूक आवळते. मूठ आवळली की कोपर ताठतं, खांदा कानाकडे चढतो, मान आखडते. शिकवणाऱ्या मिसना ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही कळतं.

पहिल्या पोझिशनमध्ये टाचा जुळवून चवडे बाहेर वळवायचे. नवशिकीला पावलांची सरळ रेघ लगेच हवी असते. दांड्यावर भार टाकून ती तशी करतेही, आणि तो निमूट तोलून धरतो. मग मिस म्हणतात, "हात उचल." पावलं सरकन आत येतात. वळण खुब्यातून आलेलंच नसतं. पाऊल जमिनीला चिकटवून गुडघा पिळलेला असतो. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत राहील, तेवढंच वळण आपलं. कमी वाटलं तरी तेवढंच घ्यावं. गुडघे जन्मभर पुरवायचे असतात.

बॅलेतल्या अशा पाच पोझिशन्सची घडी सतराव्या शतकात, चौदाव्या लुईच्या फ्रान्समध्ये पिएर बोशांनं बसवली. याच बॅलेचा एक धागा कोलकात्यापर्यंतही येतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेले नर्तक उदय शंकर १९२३ मध्ये लंडनला बॅले नर्तकी आना पाव्हलोव्हाबरोबर कृष्ण होऊन नाचले, आणि अखेरची वर्षं कोलकात्यात राहिले. पाव्हलोव्हानं त्यांना बॅलेकडे ओढलं नाही, आपल्याच मातीतलं नृत्य धुंडाळायला सांगितलं. मोठ्या मनाचा सल्ला. पण आज कथक शिकलेली मुलगी बारपाशी येते, तेव्हा तिचंही काही वाया जात नाही. लय पक्की असते. पाय आपटायची सवय तेवढी बाजूला ठेवून, तांद्यूत चवड्यानं जमीन पुसत पाय लांबवायचा असतो. याला मात्र महिने लागतात.

घरी बार नसतो. व्हरांड्याचा कठडा चालतो, नाहीतर जड खुर्चीची पाठ. खुर्ची बारहून कडक. जरा भार पडला की कलते. कलली, तर ते प्लिए पुन्हा करायचं, मग वळून दुसऱ्या बाजूनं.