सबा सबा, नाने नाने

माझी लेक टांझानियात, दारेसलामला असते. तिची नोकरी आणि नातवाची शाळा, त्यामुळे आमच्या वाट्याला येतात त्या सुट्ट्याच. म्हणून तिकीट काढण्याआधी मी तिथलं कॅलेंडर घेऊन बसतो. जन्मभर मास्तरकी केलेल्याला सुट्ट्यांची यादी वाचायला शिकवावं लागत नाही!

एप्रिलमध्ये ७ तारखेला करूमे दिन असतो. २६ तारखेची सुट्टी १९६४ साली टांगानिका आणि झांझिबार मिळून एक देश झाला त्याची. पण मार्च ते मे तिथे 'मसिका', म्हणजे मोठा पाऊस. सुट्टी मिळते, फिरणं होत नाही. त्यापेक्षा ७ जुलै आणि ८ ऑगस्ट बरे, हवा कोरडी असते. नावंही सोपी. 'सबा सबा' म्हणजे सात सात, आणि शेतकऱ्यांचा दिवस 'नाने नाने', आठ आठ.

रमजान ईदचं मात्र वेगळं. आपल्या संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पंचांगात मिनिटासकट छापलेली असते. तिथे चंद्र दिसला की मग सुट्टीचा दिवस नक्की होतो. तेव्हा मंडळी, ईदला जोडून झांझिबारची बोट धरायची असेल, तर एक दिवस मोकळा ठेवा.

मी आता पंचाहत्तरीला आलो. यापुढच्या भेटी मोजक्याच. लेक म्हणते, "बाबा, सुट्टी नसली तरी या." जाईनच. पण ती घरात असेल असे दोन दिवस जास्तीचे मिळत असतील, तर ते का सोडायचे?