नान्नजच्या रानातून देवयानीपर्यंत

सोलापूर म्हटले की माणसाला चादर आठवते आणि ऊन आठवते. आपल्या आकाशाची आठवण मात्र कोणी काढत नाही. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस कमी म्हणून आपण हळहळतो; पण पाऊसकाळ सरला की येथील रात्री महिनोन्‌महिने निरभ्र असतात. अडचण एकच, शहराच्या दिव्यांत तारे बुडून जातात.

म्हणून गेल्या कार्तिक अमावस्येला वस्तीतील बारा मुलामुलींना घेऊन आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघालो. शहरापासून साधारण वीस किलोमीटर. 'अमावस्येला पोरी रात्री बाहेर कशाला?' हा प्रश्न घरोघरी आलाच. त्या रात्री चंद्र नसतो, म्हणून अंधार गडद आणि तारे जास्त. अमावस्येचा अर्थ एवढाच, हे समजावण्यात दोन आठवडे गेले. शेवटी विड्या वळणाऱ्या दोन माता स्वतः सोबत निघाल्या, तेव्हा पोरींचे जाणे नक्की झाले.

नान्नजला १९७९ पासून माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे. रात्री तेथे शिरायचे नसते. आम्ही अलीकडच्या एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्यांच्या बांधावर बसलो. गुडघाभर ज्वारी, बोचरा वारा. दक्षिणेला सोलापूरचा उजेड क्षितिजावर साचलेला. उत्तर मात्र काळीभोर. आम्हाला उत्तरच हवी होती. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांची खूण धरून मुलांनी देवयानी दीर्घिका शोधली. डोळ्यांना तो धुरकट ठिपका दिसतो. पण तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे चालून आलेला असतो. आपल्या आकाशगंगेबाहेरचे हे निराळे विश्व आहे, याचा भक्कम पुरावा एडविन हबल यांना १९२३ साली माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेल्या छायाचित्रांतून मिळाला.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राचा कॅमेरा आम्ही तिकाटण्यावर लावला. पृथ्वी फिरत असल्याने जास्त वेळ फोटो घेतला तर ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून पाच-पाच सेकंदांचे चारशे फोटो घेतले. शिवाय लेन्सला झाकण लावून काही काळे फोटो आणि पांढरे कापड ताणून काही उजळ फोटो घेतले. पहिल्यांवरून कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष कळतात, दुसऱ्यांवरून लेन्सवरची धूळ व कडेचा अंधार.

खरे काम दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या जुन्या संगणकावर झाले. 'सिरिल' नावाची प्रणाली फुकट मिळते. ती सर्व फोटो ताऱ्यावर तारा ठेवून जुळवते आणि सरासरी काढते. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो. कॅमेऱ्याचे खरखरीत ठिपके मात्र दर वेळी जागा बदलतात, म्हणून सरासरीत ते विरतात. चारशे फोटोंनी ही खरखर विसाव्या हिश्श्यावर येते. एका धाग्याने काही होत नाही, चादर अनेक धाग्यांची असते, हे आमच्या पोरांना वेगळे सांगावे लागले नाही.

एवढे करून पडद्यावर काय? अंधार! 'काका, ही तर नुसती काळी पाटी हाय की!' एक मुलगा म्हणाला. मंद प्रकाश काळ्यातच दडलेला असतो. आधी शहराच्या उजेडाची छटा वजा केली, मग मंद भाग हळूहळू उजळला. तिरकी लंबगोल देवयानी वर आली, शेजारी तिची छोटी सोबतीणही.

कोणी सुचवले, 'इंटरनेटवरचा चांगला फोटो घेऊन चिकटवा, कोणाला कळतंय?' त्यावर विडीवालीची मुलगी म्हणाली, 'मग आपण रात्री गेलो कशाला?' आम्हाला वेगळे काही बोलावे लागले नाही. असलेले उजळायचे, नसलेले भरायचे नाही, आणि काय केले ते फोटोखाली लिहायचे, असा नियम ठरला.

या कामाला वय किंवा पदवी आड येत नाही. मे २०२१ मध्ये पुण्याच्या सोळा वर्षांच्या प्रथमेश जाजू याने चंद्राच्या ५० हजारांहून अधिक प्रतिमा जुळवून एक चित्र केले. त्याची बातमी देशभर झाली. हबल यांचे सहकारी मिल्टन ह्युमसन शाळा अर्धवट सोडलेले. त्यांनी माउंट विल्सनवर आधी खेचरांवरून सामान वाहिले, मग झाडलोट केली, आणि रात्र-रात्र छायाचित्रे घेत तेथेच खगोलशास्त्रज्ञ झाले.

पालकांनी खर्चाला भिऊ नये. कॅमेरा नसला तरी हबल दुर्बिणीच्या मूळ प्रतिमा इंटरनेटवर सर्वांना मोफत मिळतात; त्यांवर हात बसवता येतो. दिवाळीच्या अमावस्येला फटाक्यांचा धूर असतो, ती टाळावी. त्यानंतरची कोणतीही निरभ्र अमावस्या चालेल. स्वेटर, पाणी व लाल कागद लावलेली बॅटरी सोबत घ्यावी, आणि मुलांबरोबर मुलींनाही अवश्य पाठवावे.