कॅनबच्या लाल दरीत

लास व्हेगासच्या झगमगाटातून मोटारीने बाहेर पडून ईशान्येची वाट धरली, की तीन-साडेतीन तासांत प्रवासी युटा राज्याच्या दक्षिण टोकावरील कॅनब या गावी पोहोचतो. गाव लहानसे, पाच हजारांच्या आसपास वस्तीचे. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, चहूकडून तांबड्या वालुकाश्माच्या कड्यांनी वेढलेले. घोडेस्वार आणि बंदूकधाऱ्यांचे अनेक जुने हॉलिवूडपट याच कड्यांच्या पार्श्वभूमीवर चित्रित झाल्याने गावाला ‘लिटल हॉलिवूड’ असे लाडके नाव पडले आहे. ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ, झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्याने येथून जवळच. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे गेलेली आपल्याकडची कुटुंबे या भागातून हमखास प्रवास करतात. पण कॅनबला पेट्रोल आणि चहा यांपलीकडे थांबणारे थोडे. गावाच्या उत्तरेला पाचएक मैलांवर महामार्गालगत एक वळण आहे. ते चुकले, तर या प्रदेशातील पाहण्याजोगी एक मोठी गोष्ट राहून जाते.

त्या वळणावरून आत उतरणाऱ्या दरीला आता ‘एंजल कॅन्यन’ म्हणतात. तळाशी कॅनब ओढा वाहतो, दोन्ही बाजूंना ज्युनिपरची बुटकी झाडे आणि उग्र वासाचे सेजब्रशचे झुडूप, पायांखाली बारीक लाल रेती. १९८४ साली काही मित्रांनी मिळून ही दरी प्राण्यांच्या आश्रयासाठी घेतली. ‘बेस्ट फ्रेंड्स ॲनिमल सोसायटी’ हे तिचे आजचे नाव. सुमारे ३,७०० एकरांच्या या आवारात एका वेळी सोळाशेपर्यंत जीव राहतात. घोडे, डुकरे, ससे, पोपट, मांजरे यांचे स्वतंत्र पाडे आहेत, आणि सर्वांत गजबजलेला पाडा अर्थातच कुत्र्यांचा, ‘डॉगटाउन’.

डॉगटाउनमधील जुन्या इमारती अष्टकोनी आहेत. मध्यभागी माणसांची ये-जा आणि भोवती प्रत्येक बाजूने बाहेर पसरत गेलेली कुंपणाची अंगणे. पाहुण्याचे लक्ष प्रथम जाते ते कुत्र्यांच्या गळ्यातील पट्ट्यांकडे. ज्याचा पट्टा हिरवा, त्याच्याजवळ कोणीही जावे, लहान मुलांनीही. जांभळा असेल तर केवळ प्रौढांनी. लाल असेल तर फक्त प्रशिक्षित सेवकांनी. नियम इतका साधा, की तो वाचावाही लागत नाही. तथापि त्यामागील विचार साधा नाही. लाल पट्टा ही शिक्षा नव्हे आणि कायमचा शिक्काही नव्हे. ती आजची स्थिती आहे. वागणे सुधारले, भय ओसरले, की रंग बदलतो. जगातील बहुतेक आश्रयगृहांत चावलेल्या कुत्र्याच्या कागदावर जो शेरा बसतो तो त्याच्या मरणापर्यंत टिकतो, आणि पुष्कळदा ते मरण तो शेराच ओढवून आणतो. येथे शेरा लिहिला जातो, लपवला जात नाही; परंतु तो पुन्हा पुन्हा तपासला जातो.

या पद्धतीची खरी कसोटी २००८ साली लागली. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हर्जिनिया राज्यातील सरी परगण्यात एका मालमत्तेवर छापा पडला. ती होती अटलांटा फाल्कन्स संघाचा नामवंत फुटबॉलपटू मायकेल व्हिक याची. तेथे झुंजींसाठी पाळलेले, साखळदंडांना जखडलेले पिट बुल जातीचे पन्नासच्या आसपास कुत्रे सापडले. हरलेल्यांना कसे मारले जाई, याचे तपशील न्यायालयात आले. ते येथे सांगण्याची गरज नाही. व्हिकने गुन्हा कबूल केला, त्याला २३ महिन्यांचा कारावास झाला. उरलेल्या जिवंत कुत्र्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला.

तोवर अशा कुत्र्यांचे भवितव्य ठरलेले असे. झुंजीतून पकडलेले जनावर म्हणजे हत्यार. खटला संपला की पुराव्यासह ते नष्ट करायचे. काही प्राणिमित्रांचेही हेच मत होते, आणि ते निर्दयतेचे होते असे म्हणता येणार नाही. ज्याचा स्वभाव माणसाने बिघडवला आहे, ते जनावर उद्या एखाद्या लेकराला फाडील तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने मात्र प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा करवली. स्वभावाच्या कारणावरून मृत्यू द्यावा असा त्यांत केवळ एक निघाला. रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेची त्यांच्या पालकपदी नेमणूक झाली, आणि त्यांच्या संगोपनासाठी व्हिककडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर घेण्यात आले. ४७ कुत्रे वेगवेगळ्या संस्थांकडे गेले. त्यांतील सर्वांत बिकट म्हणून निवडलेले २२ जानेवारी २००८ मध्ये या लाल दरीत आले.

सेवकांनी मनाची तयारी केली होती ती गुरगुरणाऱ्या श्वापदांसाठी. प्रत्यक्षात उतरले ते बहुतेक भयाने गारठलेले जीव. माणूस दारात आला की जमिनीला चिकटून सपाट होणारे, कोपऱ्यात तोंड खुपसून बसणारे. घर त्यांनी पाहिलेच नव्हते. जिना, काचेचे दार, भांड्याचा आवाज, सारेच त्यांना शत्रू. त्यांच्यासाठी योजलेला पहिला उपाय ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतो: त्यांच्या जवळ नुसते बसायचे. बोलावायचे नाही, डोळ्यांत पाहायचे नाही, हात पुढे करायचा नाही. अधूनमधून खाऊचा एक तुकडा जमिनीवर टाकायचा आणि दुसरीकडे बघायचे. ज्या गोष्टीचे भय आहे ती दुरूनच दिसावी, तिच्याबरोबर काहीतरी चांगले मिळावे, आणि अंतर किती कमी करायचे ते कुत्र्याने ठरवावे, ही त्यामागील रीत. घाई करणारा या कामात हरतो. भेदरलेल्या कुत्र्याला दरडावून वरवर शांत करता येते. पण भय आत तसेच राहते, आणि पुढे एक दिवस गुरगुरल्याशिवायच दात लागतो. गुरगुरणे हा कुत्र्याने दिलेला इशारा आहे. तो मोडून काढणारा मालक आपलीच धोक्याची घंटा काढून ठेवत असतो.

व्यापारी घरातील वाचकांना या कामाची आणखी एक बाजू विशेष भावेल. संस्थेतील पशुवैद्य फ्रँक मॅकमिलन यांनी प्रत्येक कुत्र्याचा जणू रोजमेळ ठेवला. आत्मविश्वास किती, माणसांचे भय किती, जगण्यातला आनंद किती, याला दररोज अंक देऊन आलेख काढले जात. मायेने पाहणाऱ्याला सुधारणा नेहमीच दिसते. वहीला ती दिसेलच असे नाही. कोणाचा आलेख आठवड्यांत चढला, कोणाचा महिनोन्‌महिने रेंगाळला.

जॉर्जिया नावाच्या कुत्रीच्या तोंडात एकही दात नव्हता. ते सारे काढून टाकलेले होते. माणसांवर तिचा लोभ होता, इतर कुत्र्यांशी मात्र तिचे जमत नसे. तिला घर मिळाले ते येथे आल्यानंतर तीन वर्षांनी, २०११ साली. चेरी गार्सिया हा काळा कुत्रा इतका भित्रा होता की उंबरठा ओलांडणेही त्याला पर्वत चढण्यासारखे होते. तो पुढे मिनेसोटातील एका कुटुंबात गेला आणि लोकांच्या गर्दीत रमू लागला. ल्यूकस मात्र झुंजींतील विजेता. माणसांत तो कमालीचा प्रेमळ होता. पण त्याच्या इतिहासामुळे न्यायालयाने त्याला आजन्म येथेच ठेवण्याचा आदेश दिला. मेरिल हिलाही तोच आदेश झाला, कारण अनोळखी माणसांविषयी तिचा संशय फार तीव्र होता. ल्यूकसने आपली उरलेली वर्षे संस्थेच्या कार्यालयात, ओळखीच्या माणसांच्या पायांशी पडून काढली. मेरिलने मोजक्या माणसांना आपले मानले आणि त्यांच्यापुरते उदंड प्रेम केले.

घरी जाणाऱ्यांसाठीही वाट सरळ नव्हती. न्यायालयाच्या अटीनुसार त्यांना आधी अमेरिकन केनेल क्लबची ‘सुनागरिक श्वान’ परीक्षा द्यावी लागे. तिच्यात दहा पाठ असतात: अनोळखी माणूस जवळ आला तरी शांत राहणे, अंगावरून हात फिरवू देणे, गर्दीतून दोर न ताणता चालणे, दुसरा कुत्रा समोरून आला तरी अंगावर न जाणे, हाक मारताच येणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे सांभाळणारा तीन मिनिटे दृष्टिआड झाला तरी धीर न सोडणे. परीक्षेनंतरही सहा महिने कुत्रा त्या कुटुंबात केवळ सांभाळायला म्हणून राही. मग दत्तकविधान पक्के होई.

आजही येथून कठीण स्वभावाचा कुत्रा नेणाऱ्याला त्याची सारी हकीकत सांगितली जाते. कधी चावला, कोणाला, काय घडले म्हणून. खाण्याच्या भांड्याजवळ कोणी गेलेले चालत नाही. टोपी घातलेल्या पुरुषाला बिचकतो. माल खपावा म्हणून खोट झाकणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक एकदाच येते, आणि इथे तर परत येणारा माल जिवंत असतो, आधीपेक्षा अधिक मोडलेला. घरी नेल्यावर पहिले तीन दिवस तो नुसता गोंधळलेला असेल, तीन आठवड्यांनी घरची रीत कळू लागेल, घर आपलेसे वाटायला तीन महिने लागतील, असा ठोकताळा नव्या पालकांना दिला जातो. पाहुणेरावळे, मिठ्या, न्हाऊ-माखू घालणे हे सगळे त्यानंतर. मुलांना एक नियम आधी शिकवावा लागतो: निजलेल्या आणि जेवणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

हे सारे पाहताना भुलेश्वरची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध शहर पेटले, आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई यांच्यासह पारशी, जैन व हिंदू व्यापाऱ्यांनी तेथे पांजरापोळ उभारली. आपल्या मालावर धर्मादायाची लाग बसवून ती चालवली. म्हणजे मुंबईच्या पांजरापोळीचा प्रारंभ कुत्र्यांपासून झाला, हे तिला चारा पोहोचवणाऱ्या पुष्कळ घरांनाही ठाऊक नसते. जीव वाचवणे आणि मरेपर्यंत सांभाळणे, हे तिने पाहिलेले कर्तव्य. कॅनबच्या दरीत त्यापुढचा प्रश्न विचारला जातो: वाचवलेल्या जीवाला कुंपणाबाहेर जाता येईल का, आणि येत नसेल तर कुंपणाच्या आत त्याचा दिवस कसा जावा? गाईगुरांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उठत नाही. कुत्र्याच्या बाबतीत उठतो, कारण त्याला कळपाइतकेच माणूस लागते. चावरा झाला म्हणून पांजरापोळीच्या दारात बांधून ठेवलेला किंवा रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिलेला पाळीव कुत्रा आपल्या शहरांतही दिसतो. त्याच्यासाठी रोजमेळ ठेवणारा कोणी नसतो.

दुपारी पाहुणे ‘एंजल व्हिलेज’च्या भोजनगृहात जमतात. जेवण संपूर्ण शाकाहारी असते, आणि खिडकीबाहेर थेट दरीचा पट. परदेशात पाटीकडे संशयाने पाहण्याची सवय झालेल्या जैन प्रवाशाला येथे बरेचसे हायसे वाटते. कांदा, लसूण आणि बटाटा यांची चौकशी मात्र स्वतंत्रपणे करावी.

जवळच ‘एंजल्स रेस्ट’ ही प्राण्यांची स्मशानभूमी आहे. लहान लहान दगड, त्यांवर नावे, आणि वर टांगलेल्या शेकडो पवनघंटा. वारा दरीतून वर चढला की सर्व एकदम किणकिणतात, मग पुन्हा निःशब्द.

सायंकाळी निरोप घेण्यापूर्वी आणखी एक सोय प्रवाशाच्या कानावर घातली जाते. योग्य वाटणारा कुत्रा एका रात्रीपुरता आपल्या मुक्कामी नेता येतो. पलंग, दूरचित्रवाणी, स्वयंपाकाचा वास, दाराची घंटा, हे सारे त्याला कसे वाटते ते कुंपणात कळत नाही. अनोळखी खोलीत एका रात्रीत कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा त्याला परत आणतो, आणि सेवक बारकाईने विचारून घेतो: रात्री झोपला का, किती वाजेपर्यंत येरझारा घातल्या, कोणत्या आवाजाला दचकला, दाराशी निजला की पलंगाशी. उत्तरे त्याच्या नोंदीत उतरतात. पुढचे कुटुंब चौकशीला येईल, तेव्हा ती वाचून दाखवायची असतात.