फुकटचं प्यादं

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबे आवरले की बुद्धिबळाचा पट मांडला जातो. मांडतात आमचे ज्येष्ठ फिटर, सगळ्यांचे मामा. ते गावाकडे देशी पद्धतीने शिकले. तिथे प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं. याच देशी खेळात वाढलेल्या मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, हे मी सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा खुलला होता.

त्या दुपारी पांढरी माझ्याकडे होती. मी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. त्याच्यामागे पहिल्यापासून वजिराचा जोर असतो, म्हणून मला ही सुरुवात आवडते. मामांनीही तेच केलं. मग मी शेजारचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे नेलं.

“फुकट देतोस की रे!” म्हणत मामांनी ते मारलं.

मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवून उंटाला वाट केली. मारलेलं प्यादं राखायला मामांनी घोड्यापुढचं प्यादं दोन घरं आणलं. मी हत्तीपुढच्या प्याद्याने त्यावर हल्ला केला, त्यांनी उंटापुढच्या प्याद्याने आधार दिला. मारामारी झाली आणि मधली तिरकी वाट मोकळी झाली. माझा वजीर दोन घरं तिरका गेला, तो थेट कोपऱ्यातल्या हत्तीवर. हत्ती वाचवायला त्यांना घोडा द्यावा लागला. पुढे मी मोहऱ्यांची अदलाबदल करत डाव जिंकला.

भोंगा व्हायला वेळ होता. मामांनी सोंगट्या पुन्हा लावल्या. “मग ते प्यादं मारायचंच नाही का?”

“मारायचं मामा, पण राखत बसायचं नाही. घोडे बाहेर काढायचे, राजा किल्लेकोटात न्यायचा. मला ते परत घेऊ द्या.”

हा सापळा इटलीच्या ग्रेको या बुद्धिबळपटूने सतराव्या शतकातच लिहून ठेवला होता. पुढच्या वेळी मामांनी प्यादं मारलं, सोडून दिलं आणि घोडा बाहेर काढला. तो डाव बरोबरीत सुटला.

आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना प्रशिक्षक मिळत नाही, पण समोरचा गडी असतोच. म्हणून डाव संपल्यावर लगेच उठू नका. सोंगट्या पुन्हा लावा आणि जिथे डाव फिरला ती खेळी दोघं मिळून शोधा.